शंभर वर्षांचा नेटबॉल आणि शनिवारची नखं-तपासणी

मंडळी, खूप दिवसांनी लिहितेय. निमित्त असं झालं की इंग्लंडच्या नेटबॉल संघटनेची यंदा शंभरी आहे, 1926 ची ती. तर इकडे वेलिंग्टनला ऑफिसात कॉफी घेताना तो विषय निघाला आणि आमच्या अकाउंट्समधल्या एक बाई मान ताठ करून म्हणाल्या, आमची त्यांच्या आधीच झाली हं. खरंच आहे ते. न्यूझीलंडची राष्ट्रीय संघटना 1924 ची, या खेळाची जगातली पहिली, मग इंग्लंड, मग 1927 ला ऑस्ट्रेलिया. मुंबईची जुनी क्लबं आपल्याला माहितीयत, पण बायकांनी बायकांच्या खेळासाठी काढलेली आणि शंभर वर्षं अखंड चाललेली देशपातळीची संघटना म्हटलं की मला तरी इकडे येईपर्यंत एकही नाव सांगता आलं नसतं.

आता ठाण्यातल्या निम्म्या लोकांचा प्रश्न, नेटबॉल म्हणजे नक्की काय. आपल्याकडे शालेय स्पर्धांमध्ये असतो तो, पण बघितलाय कोणी? बास्केटबॉलसारखाच, फक्त रिंगमागचा फळा नाही, त्यामुळे बॉल आपटून आत जायची सोयच नाही, सरळ रिंगमध्येच गेला पाहिजे. सात-सात जणी. बॉल हातात आला की पळायचं नाही, टप्पा टप्पा करत नेता येत नाही, 3 सेकंदांत पास द्यायचा. अडवणारीने 0.9 मीटर लांब राहायचं. प्रत्येकीच्या अंगावर अक्षरांचं बिब, जीएस म्हणजे गोल शूटर, जीए म्हणजे गोल अटॅक, सी म्हणजे सेंटर वगैरे, आणि त्या अक्षरावर ठरतं की कोर्टाच्या कुठल्या भागात तिने जायचं. गोल फक्त दोघीच मारू शकतात, जीएस आणि जीए. मला सुरुवातीला वाटलं काय हा बांधून घातलेला खेळ, पण मग जरा बघितल्यावर कळलं की बॉल घेऊन पळता येत नाही म्हणून बाकीच्या सहा जणी सतत पळत असतात, मोकळी जागा शोधत, आणि खो-खो खेळलेल्या बाईला हे लगेच समजतं कारण आपल्याकडेही पाठलाग करणारीला मागे वळायची बंदी असते आणि सगळी गंमत त्या बंदीतच असते.

आणि गंमत सांगते, या खेळातली एक जबरदस्त फायनल आपल्याच देशात झालीय. 2010 चे कॉमनवेल्थ गेम्स, दिल्लीचं त्यागराज स्टेडियम, न्यूझीलंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया. 60 मिनिटांत बरोबरी, जादा वेळेत परत बरोबरी, मग दुसऱ्यांदा जादा वेळ, आणि न्यूझीलंड 66-64. इकडे कोणालाही सांगा मी इंडियाची, तर वयाने चाळिशीच्या पुढची बाई असेल तर क्रिकेटच्या आधी ती डेल्ही म्हणते आणि न्यूझीलंडच्या मारिया टुटाइयाचा तो शेवटचा गोल हाताने करून दाखवते. आपण त्या वेळी काय बघत होतो? घोटाळ्याच्या बातम्या आणि तो पडलेला पादचारी पूल.

इकडचा शनिवार म्हणजे हिवाळ्यात नेटबॉलच. हटाईटाई पार्कला ओळीने कोर्टं आहेत, वेलिंग्टनचा वारा तुम्हाला कितीही सांगितला तरी पटणार नाही, छत्री उघडण्यात काही अर्थच नसतो, आडवा पाऊस, त्यात काळ्या डांबरी कोर्टावर सकाळपासून रात्रीपर्यंत मॅचमागून मॅच. लहान मुलींसाठी रिंग खाली असते, टीमही लहान. माझी लेक त्यातली. पहिल्या मॅचआधी अंपायर मुलगी, असेल कॉलेजातली, शिट्टी गळ्यात अडकवून आली आणि सगळ्यांना म्हणाली हात पुढे करा. नखं बघायला! एकेकीची बोटं बघितली, बोटाच्या टोकाबाहेर नख दिसलं की बाजूला जा आणि कापून ये, कुठल्यातरी आईच्या पर्समध्ये नेलकटर असतोच. मग दागिने. आजीने बारशाला दिलेल्या रिंगा लेकीच्या कानात, त्या काढल्या आणि माझ्या जॅकेटच्या खिशात, आणि आईने तिकडून फोनवर विचारलं सोनं सांभाळलंस ना, मॅचचं नंतर. हाफटाइमला संत्र्याच्या फोडी. हे इकडचं ठरलेलं आहे, चार तुकडे केलेली संत्री डब्यातून, ज्या आईची पाळी असेल तिने आणायची.

ही पाळी फक्त संत्र्यांचीच नसते, आणि मला खरं तर हेच लिहायचंय. स्कोअर लिहायची पाळी, कोर्टावरचं पाणी झाडायची पाळी, अंपायरचा कोर्स करायची पाळी. 2024 ला शताब्दीचे जुने फोटो सगळीकडे फिरत होते आणि लोक जिंकलेल्या कपांबद्दल बोलत होते, ते आहेच, त्या वर्षी ऑस्ट्रेलियाला हरवून कॉन्स्टेलेशन कप, म्हणजे या दोन देशांतल्या मालिकेचा कप, तो पण आणला. पण मला त्यातली चिकाटी भारी वाटते ती कागदपत्रांची. 1924 ला बायका एकत्र बसल्या, नियम ठरवले, वर्गणी ठरवली, हिशोब ठेवला, आणि ते आजतागायत चाललंय. या देशात बायकांना मतदानाचा हक्क 1893 ला मिळाला, जगात सगळ्यात आधी, पण मत देणं आणि मीटिंग चालवणं यात फरक आहे ना, मीटिंग चालवायला सराव लागतो आणि तो सराव इकडच्या कित्येक बायकांना नेटबॉलच्या कमिटीत मिळाला असणार असं मला वाटतं.

इतिहास थोडक्यात. खेळ इकडे आणला तो एका पाद्र्याने, रेव्हरंड जे. सी. जेमिसन, 1906 च्या सुमारास, प्रेस्बिटेरियन चर्चच्या बायबल क्लासमधून. झगे घालून खेळता येईल, अंगाला अंग लागणार नाही, एक बॉल आणि दोन खांब आणले की झालं, म्हणजे घरच्यांनाही आक्षेप नाही आणि शाळेलाही खर्च नाही. तेव्हा नाव बास्केटबॉलच होतं, 1970 ला बदललं. आणि इकडे टीम नऊ जणींची असायची! 1938 ला पहिली राष्ट्रीय टीम मेलबर्नला गेली, कॅप्टन मेग मटंगी, माओरी, आणि तिकडे सात जणींच्या नियमाने खेळावं लागलं, ऑस्ट्रेलियाने 40-11 धुतलं. मग 1963 ला इंग्लंडमधे ईस्टबोर्नला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिथे ऑस्ट्रेलियाकडूनच 37-36, एका गोलने हार. 1967 ला पर्थमध्ये जाऊन जिंकल्या. 1979 ला त्रिनिदादला न्यूझीलंड धरून तीन देशांत विजेतेपद विभागलं. 1999 ला स्वतःच्या घरी क्राइस्टचर्चला परत एका गोलने ऑस्ट्रेलियाकडून हार, 42-41, आणि 2019 ला लिव्हरपूलला एका गोलने फेडून टाकलं, 52-51, कोच नोलीन टाउरुआ. या दोन देशांचं भांडण म्हणजे सोसायटीतल्या दोन विंगचं पाण्याच्या मोटरवरून असतं तसं, कधीच संपत नाही आणि दोघांना एकमेकांशिवाय करमतही नाही.

सगळं गोड गोड आहे असं नका समजू. शंभरी झाली आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2025 ला, त्याच टाउरुआबाईंना संघटनेने बाजूला केलं, देशभर चर्चा, आणि काही आठवड्यांनी परत घेतलं. माझ्या ऑफिसात त्यावरून दोन गट पडले होते, मी आपली बाहेरची, संत्री कापते असं म्हणून गप्प बसले. शिवाय आता मुलींना बाकीचेही खेळ आहेत, ब्लॅक फर्न्सनी, म्हणजे इकडच्या बायकांच्या रग्बी टीमने, 2022 ला ईडन पार्कवर इंग्लंडला हरवून वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून लेकीच्या वर्गातल्या मुली रग्बीचं पण बोलतात. पूर्वी मुलगी म्हटली की नेटबॉलच, ते आता राहिलं नाही. त्यात वाईट काही नाही असं मला वाटतं, पण जुन्या खेळाडू बायकांना ते जरा लागतं, दिसतं ते.

आता ठाण्याचं. मी शाळेत खो-खो खेळायचे हे जुन्या वाचकांना माहितीय. आमच्या मंडळाच्या मुली चांगल्या खेळायच्या, गुडघे कायम फुटलेले, खांबाला धरून गर्रकन वळणं, सूर मारून गडी बाद करणं, सगळं. पण सेक्रेटरी काका, खजिनदार काका, पंच काका, बक्षीस द्यायला येणारे साहेब पण काकाच. काका लोक फार चांगले होते, स्वतःच्या खिशातून बूट घेऊन द्यायचे, रात्री उशीर झाला तर स्टेशनपासून घरापर्यंत सोडायला यायचे, एक शब्द वाकडा नाही. पण आमच्यातली एखादी खेळ सुटल्यावर पंचाची परीक्षा देईल, कमिटीत बसेल, असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आमच्याही नाही. लग्न झालं की खेळ संपला, आणि मैदानाशी संबंधही संपला, नंतर मैदानात जायचं ते फक्त प्रदर्शनाला. आता तर गावदेवी मैदानाखाली पार्किंग झालंय.

इकडे उलट बघते मी. साठीच्या बायका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, घडीची खुर्ची टाकून कोर्टाच्या कडेला स्कोअर लिहितायत, पोरीसोरी अंपायरना हळूच सांगतायत की तिचा पाय उचलला होता, बघितला नाहीस तू. त्यांनी खेळ सोडलेलाच नाही, फक्त जागा बदलली. सगळं फुकट करतात, वर पेट्रोल स्वतःचं. तरी माणसं मिळत नाहीत ही ओरड इकडेही आहेच, दर मोसमात ईमेल येतो, मॅनेजर हवी, कोच हवी, आणि मग ग्रुपवर दोन दिवस सगळ्या चिडीचूप. तेवढं मात्र अगदी आपल्यासारखं.

जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला तेव्हा मी इकडे लेकीला लॅपटॉपवर दाखवला, प्रियांका इंगळे आपली पुण्याची कॅप्टन, फायनलला नेपाळला 78-40 ने हरवलं. लेकीचा पहिला प्रश्न, यांची नखं बघतात का? दुसरा प्रश्न मात्र मला आवडला, या मोठ्या झाल्यावर अंपायर होणार का. मी म्हटलं होतील की. आपल्याकडे आता महिला पंच दिसतात, पूर्वीइतकं वाईट नाही, पण आमच्या बॅचच्या किती जणी आज मैदानावर आहेत असं शाळेच्या ग्रुपवर विचारलं तर अंगठे आले, हसरे चेहरे आले, आणि एकीने लिहिलं, मी रोज तलावपाळीला चालायला जाते, ते धरायचं का. एक मात्र आहे, कळव्याला ती मुलांना संध्याकाळी फुकट खो-खो शिकवते, ते तिने स्वतः लिहिलंच नाही, दुसरीने सांगितलं. तिला फोन केला तर म्हणे अगं त्यात काय, पोरं नाहीतर मोबाइल घेऊन बसतात.

तर तुमच्यापैकी कोणाला नेटबॉल बघायचा असेल तर जुलैत ग्लासगोचे कॉमनवेल्थ गेम्स आहेत, वेळ जुळवून बघा. 2027 ला वर्ल्ड कप सिडनीत, ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी बाळंतपण किंवा गृहप्रवेश त्या सुमारास ठरवायला हरकत नाही. आणि 2030 चे गेम्स अहमदाबादला मिळालेत, नेटबॉल त्यात आहे. ठाण्याहून बोरिवलीला जायचं आणि तिकडून वंदे भारत. तोवर बुलेट ट्रेन खरंच झाली तर ठाण्यातूनच बसता येईल, पण मी आपलं बोरिवलीचंच धरून चाललेय, लेकीला आणि आईला घेऊन.