स्पेक्ट्रमला एप्सनचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडतोय: एललिस्ट कागदावर आली!

बाबांचं डीबी स्पेक्ट्रम प्लस माळ्यावरून काढलं त्याला आता तीन महिने होतील. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम प्लस या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचं हे भारतात डेसिबेल्सने लायसन्सवर काढलेलं रूप, आत तोच झेड८०ए प्रोसेसर आणि तीच ४८के रॅम. कीबोर्डची मेम्ब्रेन तडकलेली होती ती बदलली, मग टेपच्या हेडचा स्क्रू फिरवत फिरवत बाबांचा भिशीच्या हिशोबाचा प्रोग्रॅम कॅसेटवरून लोड केला. तो बघून बाबा म्हणाले, हे मला कागदावर काढून दे रे, टीव्हीवर वीस-बावीस ओळी दिसतात, त्यात पुढचं-मागचं काही लागत नाही. झालं, तिथून सुरुवात.

अडचण अशी की स्पेक्ट्रमला प्रिंटर पोर्टच नाही. रॉममध्ये (मशीनमधल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) एलप्रिंट, एललिस्ट, कॉपी म्हणजे मजकूर, प्रोग्रॅम आणि स्क्रीन छापायच्या कमांड, सगळं आहे पण ते फक्त १९८१ च्या त्या छोट्या झेडएक्स प्रिंटरसाठी, चार इंची चंदेरी कागद आणि ३२ कॉलम वाला. माझ्याकडे आहे एप्सन एलएक्स-३००, नऊ पिनांचा, एका दुकानाच्या बिलिंग काउंटरवरून निवृत्त झालेला. तेव्हा मी ठरवलं की रॉमला हात लावायचा नाही, वेगळी कमांड पण नको, बाबांना जी एललिस्ट माहीत आहे तीच टाइप केली की कागद हलला पाहिजे.

आधी हार्डवेअर. मागच्या एज कनेक्टरला, म्हणजे बोर्डाच्या बाहेर आलेल्या कडेला, २८-२८ पट्ट्या असतात, तसा सॉकेट पुण्याच्या तापकीर गल्लीत शोधून मिळाला नाही, पण जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा कार्ड लावायचा आठ बिटचा आयएसए स्लॉट त्याच ०.१ इंची पिचचा असतो, ३१-३१ पट्ट्यांचा. तो हॅकसॉ ब्लेडने कापला आणि पाचव्या जागी खाचेत बसणारी प्लास्टिकची चकती घातली. ही चकती अजिबात टाळू नका, त्या कनेक्टरवर ९ व्होल्ट पण येतात, एक घर सरकलं तर मशीन गेलंच समजा. आणि लावायचं-काढायचं ते पॉवर बंद करूनच.

सर्किट साधं आहे. आठ डेटा लाइनसाठी एक ५७४ लॅच, स्ट्रोबसाठी (प्रिंटरला 'अक्षर घे' सांगणारा सिग्नल) ७४ चा एक फ्लिपफ्लॉप, बिझी ('थांब' सांगणारा प्रिंटरचा सिग्नल) वाचायला १२५ चा एक बफर आणि पोर्टचा नंबर ओळखायला, म्हणजे डिकोडिंगला, दोन ३२; हे सगळे आयसींचे नंबर. स्पेक्ट्रमची युएलए ही मुख्य चिप कुठल्याही सम पोर्टला उत्तर देते म्हणून ए० ही अ‍ॅड्रेस लाइन हाय ठेवायची, केम्पस्टन जॉयस्टिक ए५ वर चालते ती सोडायची, मग ए६ आणि ए७ मोकळ्या राहतात, म्हणजे डेटा आणि बिझी पोर्ट १९१ वर, स्ट्रोब १२७ वर. स्ट्रोबचा पल्स साधारण अर्धा मायक्रोसेकंद तरी लागतो आणि ३.५ मेगाहर्ट्झला एक आउट इन्स्ट्रक्शनच तीन मायक्रोसेकंदांच्या वर जाते, त्यामुळे वेगळा डिले नको. फ्लिपफ्लॉपच्या प्रीसेटला १०के आणि ०.१ मायक्रोफॅरड लावा, नाहीतर चालू करताना स्ट्रोब लो राहून एखादं भलतंच अक्षर छापलं जाऊ शकतं.

इथे माझे चार दिवस गेले. अक्षरं चुकत होती, ए पाठवला की कधी ए, कधी भलतंच. केबल बदलली, सोल्डर परत केलं, काही नाही. शेवटी लक्षात आलं की मी एचसी सिरीजच्या आयसी लावल्या होत्या. जुना एनमॉस झेड८० हाय म्हणून २.४ व्होल्टचीच गॅरंटी देतो आणि एचसीला साडेतीनच्या आसपास लागतात. त्याच जागी एचसीटी लावल्या आणि पहिल्या फटक्यात हजार अक्षरं बिनचूक.

आता सॉफ्टवेअर, माझ्या मते या कामातला सगळ्यात सुंदर भाग. स्पेक्ट्रमसाठी प्रिंटर म्हणजे एक चॅनल, आणि प्रत्येक चॅनलचा आउटपुट रुटीनचा पत्ता रॅममध्ये असतो! पी चॅनलचा २३७४९ आणि २३७५० वर. क्लिअर ६४९९९ करून (म्हणजे बेसिकची वरची हद्द, रॅमटॉप, तिथे आणून) माझं रुटीन ६५००० वर ठेवलं, मग मेमरीत थेट आकडा लिहिणारे पोक २३७४९,२३२ आणि पोक २३७५०,२५३, बस्स. त्यानंतरची प्रत्येक एलप्रिंट माझ्याकडे येते. न्यू करून प्रोग्रॅम पुसला तरी रॅमटॉपच्या वरचं रुटीन टिकतं, फक्त दोन पोक परत मारायचे. (इंटरफेस १ हे सिंक्लेअरचं जोडउपकरण लावलेलं असेल तर ही जागा सरकते, तेव्हा २३६३१-३२ मधून चॅनल्सचा पत्ता वाचून त्यात १५ मिळवा.)

पहिली एललिस्ट मारली तर सगळा प्रोग्रॅम एकाच ओळीवर एकावर एक, कारण स्पेक्ट्रम ओळीच्या शेवटी फक्त १३ (ओळीच्या सुरुवातीला जा) पाठवतो, लाइनफीड म्हणजे कागद सरकवणारा १० नाही. १३ नंतर १० पाठवायला लावलं. मग ओळी सुटल्या पण प्रिंट च्या जागी तिरका यू, लेट च्या जागी तिरका क्यू, फॉर च्या जागी तिरका के. हे कोडं सुटलं तेव्हा फार मजा आली: स्पेक्ट्रममध्ये कीवर्ड म्हणजे एक बाइट, प्रिंट २४५, आणि माझ्या प्रिंटरवर इटॅलिक टेबल सिलेक्ट होतं त्यात २४५ म्हणजे १२८ वजा करून ११७, यू. मग कीवर्ड उलगडायला स्वतःचं टेबल लिहायला बसलो होतो, पण गरजच नाही. कोडमधून १६५ वजा करून रॉममधल्या ३०८८ ला जंप मारा, रॉमच शब्दाचं एकेक अक्षर चालू चॅनलवर पाठवतो, म्हणजे परत माझ्याच रुटीनकडे. चार-पाच इन्स्ट्रक्शनमध्ये काम झालं.

बारीकसारीक: कॉपीराइटचं चिन्ह १२७ आहे, एप्सनसाठी तो डिलीट कोड, आधीचं अक्षरच खातो, म्हणून त्याजागी कंसात सी छापतो. प्रिंटर बंद असेल तर बिझीच्या लूपमध्ये मशीन अडकू नये म्हणून तिथे ८०२० वरचं ब्रेकचं रुटीन बोलावलंय.

कॉपी मात्र चॅनलमधून जातच नाही, रॉम थेट झेडएक्स प्रिंटरच्या २५१ पोर्टशी बोलतो, त्यामुळे स्क्रीनसाठी वेगळं रुटीन लिहितोय. प्रिंटरची एस्केप के ही ग्राफिक्स कमांड वापरली तर ६० डीपीआयमुळे (इंचाला ६० ठिपके) चित्र आडवं ताणलं जातं, एस्केप स्टार ५ घ्या, ७२ डीपीआय, उभं-आडवं सारखं. अर्धं झालंय.

रविवारी बाबांसमोर एललिस्ट मारली. फॅनफोल्ड कागदाची तीन पानं. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि दहा मिनिटांत ओळ ३४० वर गोल केला, लिलावाचा उरलेला रुपया कुणाच्याच खात्यात जात नव्हता. म्हणाले, तेव्हा वहीत दर महिन्याला एक रुपया जुळायचा नाही तो हा. ओळ बदलली, परत सेव्ह केलंय, दोन कॅसेटवर.