तुम्ही विचारलंत म्हणून: गुडघा गेलेला रनिंग बॅक पूर्वीसारखा पळेल का?

सप्टेंबरात अमेरिकन फुटबॉलचा मोसम सुरू झाला की ओहायोतल्या आमच्या मराठी घरांतून मला फोन येऊ लागतात. मी फिजिओथेरपिस्ट, आणि या खेळावर माझा जीव. त्यामुळे प्रश्न ठरलेला, आणि तो रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूचा: "ताई, त्या रनिंग बॅकच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पूर्वीसारखा पळेल का हो तो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी त्याचं पळणं बघतच नाही. थांबणं बघते. सरळ रेषेत तो काही महिन्यांत झकास पळू लागतो. पण रनिंग बॅकचं काम कबड्डीतल्या चढाईसारखं. अंगावर माणसं येत असताना भर वेगात पाय रोवायचा, कचकन थांबायचं आणि भलतीकडेच निसटायचं. तेव्हा सगळा भार गुडघ्यावर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतो. तो स्नायू पुन्हा भरायला फार वेळ लागतो. तोवर खेळाडू नकळत चांगल्या पायावर वळतो, दोन पावलांच्या वळणाला चार पावलं घेतो. एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या एका मुख्य अस्थिबंधाच्या, जागी बसवलेला स्नायुबंधाचा तुकडा मुरायलाही वर्षाहून अधिक काळ जातो.

म्हणून परतल्यानंतरच्या पहिल्या मोसमावरून मी कुणालाच मोडीत काढत नाही. सेक्वॉन बार्कली या रनिंग बॅकचा एसीएल २०२० मध्ये फाटला. २०२१ च्या अख्ख्या मोसमात चेंडू घेऊन तो जेमतेम ५९३ यार्ड पळाला. माझ्या ओळखीतलेच लोक म्हणत होते, संपला हा. २०२४ मध्ये फिलाडेल्फियाकडून त्याने २,००५ यार्ड काढले.

एड्रियन पीटरसनचं उदाहरण मात्र मला देऊ नका. डिसेंबर २०११ मध्ये त्याचा गुडघा गेला आणि पुढच्याच मोसमात २,०९७ यार्ड, एका मोसमातल्या विक्रमापेक्षा फक्त आठ कमी! असा एखादाच. त्याच्या मापाने बाकीच्यांना मोजणं हा त्या पोरांवर अन्याय आहे.

मग मी विचारते, नेमकं काय फाटलं, आणि कितव्यांदा? २०२४ पर्यंत आमच्या क्लीव्हलंड ब्राउन्सकडून खेळलेला निक चब बघा. २०१५ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाकडून टेनेसीविरुद्धच्या सामन्यात पहिल्यांदाच चेंडू घेऊन पळताना डाव्या गुडघ्याचे तीन अस्थिबंध फाटले, पण एसीएल वाचला. तो उभा राहिला आणि २०२२ मध्ये ब्राउन्सकडून १,५२५ यार्ड पळाला. सप्टेंबर २०२३ मध्ये पिट्सबर्गला तोच गुडघा पुन्हा गेला, दोन शस्त्रक्रिया झाल्या. तोवर एकाही मोसमात त्याची दर धावेमागची सरासरी पाच यार्डांच्या खाली गेली नव्हती. २०२४ मध्ये ती ३.३ वर आली. त्याची जिद्द तीच होती, गुडघा तो राहिला नव्हता. ते सामने बघताना मला फार वाईट वाटायचं.

कॉलेजात गाजलेल्या मार्कस लॅटिमोर या रनिंग बॅकचं तर विसरताच येत नाही. २०११ मध्ये डावा गुडघा, २०१२ मध्ये उजवा, तोही सांध्यातून निखळलेला. दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात त्याच्याभोवती जमले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाने त्याला २०१३ मध्ये निवडलं, पण एकही सामना न खेळता २०१४ मध्ये, तेविसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. तो कमी पडला असं म्हणणाऱ्याशी मी भांडते. निखळलेल्या गुडघ्यात नसा आणि रक्तवाहिन्याही धोक्यात असतात. तिथे नुसती मेहनत पुरत नाही.

तेव्हा तुमच्या मनात जो कोणी आहे, त्याचे चार-पाच सामने नीट बघा. ऑपरेशन झालेला पाय रोवून तो वळतोय का, तेवढं पाहा, आणि मग मला फोन करा.