कुंड्यांची उतरंड

आजीच्या माजघरात, जात्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात, मडक्यांच्या दोन उतरंडी असत. तळाशी जोंधळ्याचा डेरा, त्यावर डाळीचे मडके, त्यावर गाडगी आणि सर्वांत वर मोहरीचे एखादे बोळके. डेऱ्यातले धान्य काढायचे झाले की वरचे सारे एकेक करून उतरवावे लागे आणि तेवढा वेळ आम्हा मुलांना माजघरात पाऊल टाकायची बंदी असे. पुढे पत्र्याचे डबे आले, उतरंडी गेल्या आणि तो शब्द समाजरचनेवरच्या भाषणांपुरता उरला. अंगणाच्या उघड्याबोडक्या कोपऱ्यात कुंड्यांवर कुंड्या रचून फुलझाडे लावायचे मनात आले, तेव्हा कुंड्यांच्या आधी मला हा शब्द आठवला.

पहिला प्रयत्न मी अर्थातच कोणाला न विचारता केला. घरात पडून असलेल्या 12, 10 आणि 8 इंची कुंड्या मातीने भरल्या, एकीवर एक ठेवल्या आणि कौतुकाने पाणी घातले. दोन चुका लगेच दिसल्या. कुंड्यांच्या मापांत फरक थोडा असल्यामुळे रोप लावायला कडेला जेमतेम दोन बोटे जागा उरली होती. आणि आठवडाभर पाणी पिऊन खालची माती जशी बसत गेली, तशा वरच्या दोन कुंड्या एका अंगाला कलत गेल्या. आजीची उतरंड वर्षानुवर्षे हलली नाही आणि माझी आठ दिवसांत लवंडायला आली, याचे मला खरोखरच वैषम्य वाटले.

कारण कळले ते पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात. तिथल्या मावशी प्रत्येक कुंडी बोटाच्या पेराने वाजवून देत होत्या. खणखणीत वाजली तर पक्की भाजलेली, बद्द वाजली तर कुठेतरी तडा गेलेला. माझी हकिगत ऐकून त्या म्हणाल्या, “ताई, मडक्याचं बूड गोल असतं, ते खालच्याच्या तोंडात बरोबर बसतं. कुंडीचं बूड सपाट, ती नुसत्या मातीवर कशी राहील? मधून सळई घाला. आणि भोकं मधोमध आहेत का, ते आत्ताच बघून घ्या.” इतकी वर्षे मडकी पाहिली, पण त्यांच्या गोलाईचे हे काम माझ्या ध्यानी आले नव्हते.

मग 16, 12 आणि 8 इंचांच्या तीन कुंड्या आणल्या, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्या (कोरडी भाजलेली माती रोपाच्या वाटचे पाणी आधी स्वतः पिते) आणि 12 मिलिमीटर जाडीची चार फुटी सळई दीड फूट जमिनीत ठोकली. खाली विटांचे तुकडे पसरून त्यावर मोठी कुंडी सळईत ओवली आणि तिच्या पोटात एक जुनी कुंडी पालथी घातली. या पालथ्या कुंडीवर मी विशेष खूश आहे. वरच्या कुंडीचा भार तिच्या बुडावर येतो, त्यामुळे भोवतालची माती बसली तरी वरचा मजला ढळत नाही. हीच युक्ती मधल्या कुंडीत केली. भोकांवर खापऱ्या ठेवताना मात्र पाण्याला सळईच्या कडेने वाट राहील, एवढे पाहावे लागले. पोयटा, शेणखत आणि थोडा कोकोपीट असे मिश्रण भरले. सगळे उभे राहिले तेव्हा लांबून ते एखाद्या देवळासमोरच्या ठेंगण्या दीपमाळेसारखे दिसत होते, हे शेजारच्या काकूंनी न विचारता सांगितले.

रोपे निवडताना भाषणांतल्या उतरंडीची आठवण झाली, कारण इथला न्याय तिच्या नेमका उलटा आहे. पाणी पहिल्यांदा मिळते ते सर्वांत वरच्या कुंडीला, पण लहानशी माती आणि चहूबाजूंनी ऊन यांमुळे एप्रिलमध्ये ती दुपारीच कोरडी पडते. तळाच्या कुंडीत मात्र वरून झिरपलेले सारे साठते आणि तिची माती संध्याकाळपर्यंत ओली राहते. म्हणून वर चिनी गुलाब लावला. त्याची पाने मांसल, पाणी धरून ठेवणारी. फुले उन्हात उमलतात आणि दिवस कलला की मिटतात. मधे सदाफुली. ती मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे परसात तिने असे बस्तान बसवले आहे की तिला परकी म्हणायला जीभ वळत नाही. खाली पानांचा ओवा आणि सावलीच्या बाजूला पुदिना. पुदिना लावायला नको होता; त्याने दोन महिन्यांत ओव्याची अर्धी जागा बळकावली.

कुंड्यांच्या बाहेरून आता पांढरे क्षार फुटले आहेत. काकूंनी त्या गेरूने रंगवून घेण्याचा सल्ला दिला, पण मला तो जुनाट रंगच आवडतो. तळच्या कुंडीत मात्र मुळांनी अशी गच्च दाटी केली आहे की माती बदलणे भाग आहे, आणि त्यासाठी वरच्या दोन्ही कुंड्या सळईवरून उचलून बाजूला ठेवाव्या लागतील. येत्या रविवारी करीन, असे मी गेले तीन रविवार म्हणते आहे. नातू तेव्हा अंगणात नसेल, एवढे तेवढे पाहायचे.