खुडीच्या वाळूतली बांडी

रत्नागिरीत वाढल्यामुळे फुरसं हा विषारी साप मला नवीन नाही. कातळावरचा दगड आधी काठीने हलवायचा, मग हात लावायचा, हे लहानपणीच अंगवळणी पडलेलं. त्यामुळे सप्टेंबरअखेर जैसलमेरजवळच्या खुडीला गेलो तो जरा मिजाशीतच. ती पहिल्याच सकाळी उतरली.

उजाडता उजाडता उंटवाल्याबरोबर वाळूच्या टेकडीवर चढलो. वाऱ्याने रात्रीत सगळं पुसून कोरं केलेलं, आणि त्यावर तिरप्या, सुट्या सुट्या रेघा. प्रत्येकीच्या टोकाला बारीक आकडा. मला वाटलं, कुणी काठी टेकत गेलंय. "बांडी है साहब, रात की," उंटवाला म्हणाला. बांडी म्हणजे आपलं फुरसंच. मऊ वाळूत ते अंग उचलून आडवं टाकत जातं. रेघा रुईच्या एका झुडपात शिरल्या होत्या, बाहेर मात्र पडल्या नव्हत्या. आम्ही लांबून वळसा घातला.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी पाण्याच्या टाकीपाशी ते दिसलंच. खरं तर आधी ऐकू आलं: तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज. तो तोंडातून नव्हे, वेटोळी एकमेकांवर घासून खरखरीत खवल्यांतून येतो. दीडेक फूट लांबी, वाळूचाच रंग, डोक्यावर बाणासारखी खूण. हा आवाज आला की जागीच थांबा, बॅटरीने साप नेमका कुठे आहे ते बघा, मगच मागे सरका. मी तेव्हा अनवाणी होतो. चपला खोलीत!

मला जास्त धास्ती पीवणा नावाच्या सापाची वाटली. छातीवर बसून झोपलेल्याचा श्वास पितो, असं तिथे म्हणतात. ही सिंधी मण्यार. दंश फारसा दुखत नाही, झोपेत कळतही नाही. मग पापण्या जड होतात, श्वास अडतो. अंग काळं, त्यावर पांढरे पट्टे, शेपटीकडे ठळक. बिनविषारी कवड्याचे पट्टे उलट मानेकडे ठळक असतात. अर्थात अंधारात जवळ जाऊन पट्टे तपासण्याचा शहाणपणा नको. वाळूवर गादी टाकून 'ताऱ्यांखाली झोपा' म्हणतील. खाट मागून घ्या, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

चावलंच तर अंगठी-घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय हलवू नका. दोरी बांधणं, चिरा देणं नको. बांडीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, आणि सुरुवातीला माणूस ठणठणीत वाटू शकतो. तरी रुग्णालयात जायला निघायचंच. आपली सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी आहे, पण तिच्यासाठी विष मुख्यतः तमिळनाडूतल्या सापांचं घेतात. थारच्या बांडीवर ती कमी चालते, आणि सिंधी मण्यार तर त्या चौघांत नाहीच. त्यामुळे वाटेत भोपा-मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

खुडीहून जैसलमेरचं सरकारी रुग्णालय गाडीने तासाभरावर. रात्री गाडी कोण काढणार, हे पोचल्या पोचल्या विचारा. आमच्या मुक्कामी जीप होती, पण किल्ली मालक रात्री गावातल्या घरी घेऊन जायचा. दुसऱ्या दिवसापासून ती आम्ही आमच्या खोलीतल्या खुंटीला अडकवायला लावली.