सहाही सेट एकाच बाजूला

दुरुस्त करून पाठवलेले सहा वॉकीटॉकी तीन दिवसांत परत आले. तक्रार अशी की हे सहा आपापसात ठणठणीत बोलतात, पण बाकीच्या सेटशी बोलताना आवाज फाटतो, मोठ्याने बोललं तर जास्तच. ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. सहा जण एकमेकांशी जुळतात आणि जगाशी जुळत नाहीत, म्हणजे सहाही एकाच मापाने चुकलेत. ते माप माझं होतं.

आमच्याकडे हातात मावणारा एक स्वस्त फ्रिक्वेन्सी काउंटर आहे, म्हणजे सेट नेमक्या किती फ्रिक्वेन्सीवर बोलतो ते मोजणारं यंत्र. सेटला अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे त्याची शक्ती जिरवणारा रोध, लावायचा, काउंटरची अँटेना हातभर लांब ठेवायची, बटण दाबायचं, आकडा वाचायचा. सेट थेट त्याला जोडायचा नाही. याआधीचा काउंटर पाच वॉट सरळ आत सोडल्यामुळेच गेला, आणि सोडणारे गृहस्थ आता आमचे साहेब आहेत. सिग्नल नसला तर काउंटर शून्य दाखवत नाही, मनाला येतील ते आकडे नाचवतो, कारण आतला प्रीस्केलर, म्हणजे फ्रिक्वेन्सी भागून लहान करणारा भाग, स्वतःच ऑसिलेट होतो, नसलेला सिग्नल तयार करतो. नवखे त्या आकड्यांनाही फ्रिक्वेन्सी समजतात.

त्याचं खरं दुखणं म्हणजे ज्याच्या ठोक्यावर तो मोजतो तो आतला साधा क्रिस्टल. सकाळी एक सांगायचा, दुपारी दुसरंच. १ पीपीएमची, म्हणजे दहा लाखात एक भागाची, चूक म्हणजे सेट चालतात त्या ४५० मेगाहर्ट्झला ४५० हर्ट्झ, आणि हा तर कित्येक पीपीएम सरकायचा. म्हणून मी तो उघडला. १३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि त्याचे दोन्ही कपॅसिटर काढले, जुन्या जीएसएम मोबाइलमधून तेवढ्याच फ्रिक्वेन्सीचा टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी फारसा न सरकणारा क्रिस्टल ऑसिलेटर, उपटून बसवला. त्याचं आउटपुट जेमतेम व्होल्टभर, म्हणून एक नॅनोफॅरॅडच्या कपॅसिटरमधून प्रोसेसरच्या ऑसिलेटर पिनला दिलं. बॅटरी उतरली की आकडा ढळू नये म्हणून त्याला वेगळा रेग्युलेटर दिला. त्याची फ्रिक्वेन्सी किंचित वर-खाली करणाऱ्या कंट्रोल पिनवर दहा फेऱ्यांचा प्रीसेट, म्हणजे स्क्रूने फिरवायचा रोध, लावला आणि वरून पत्र्याचं झाकण डाखलं. उन्हात ठेवा, पंख्याखाली ठेवा, १० मेगाहर्ट्झला शेवटचा आकडा फार तर एक-दोनाने हलायचा. मी तो येईल-जाईल त्याला दाखवत होतो.

प्रीसेट फिरवून आकडा बरोबर करायला टेबलावरचा १० मेगाहर्ट्झचा ओव्हन ऑसिलेटर वापरला, ज्यातला क्रिस्टल कायम एकाच तापमानाला तापवून ठेवलेला असतो. काउंटरवर १०.०००००० आलं, प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाकला आणि संपलं.

सहा सेट तपासले माझ्या हाताखालच्या मुलाने. मी बाहेर होतो. त्याचा फोन आला, "सर, सहाही दोन किलोहर्ट्झ खाली दाखवतायत. सगळे एकाच बाजूला कसे असतील?" मी म्हणालो, "जुने सेट आहेत, सरकले असतील. काउंटरवर विश्वास ठेव." त्याने ठेवला. सहाही वर ओढले. चॅनेलची रुंदी साडेबारा किलोहर्ट्झ. तिथे दोन किलोहर्ट्झ म्हणजे आवाज फाटणारच.

सेट परत आल्यावर पेटीतला एक न उघडलेला सेट काढला. तोही दोन किलोहर्ट्झ खाली. मग काउंटर ओव्हनला लावला. १० मेगाहर्ट्झला चव्वेचाळीस हर्ट्झ कमी, ४५० मेगाहर्ट्झला त्याच्या पंचेचाळीस पट, म्हणजे जवळपास दोन किलोहर्ट्झ. मुलाने हळूच विचारलं, "सर, तुम्ही सेटिंग केलंत तेव्हा ओव्हन किती वेळ चालू होता?"

त्या दिवशी आल्या आल्या मीच तो चालू केला होता. चहा यायच्या आत सेटिंग उरकलं. गार ओव्हन बरोबर फ्रिक्वेन्सीवर यायला वेळ घेतो, हे मी दरवर्षी नव्या पोरांना शिकवतो.

दुसऱ्या दिवशी ओव्हन दोन तास तापू दिला, नेलपॉलिश खरवडलं, प्रीसेट पुन्हा लावला आणि सहाही सेट खाली आणले. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "स्वस्त वस्तू ती, असंच व्हायचं." मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

रजिस्टरमध्ये त्या तारखेसमोर मुलाच्या अक्षरात लिहिलंय: "सहाही सेट +२ किलोहर्ट्झ, सरांना फोनवर विचारून." काल सही करायला ते पान पुन्हा उघडावं लागलं.