रामशेजचे गोलंदाज, ५४ मिलिमीटर उंचीचे

नाशिकमधल्या एका तरुण कारागिराने धातूचे, हाताने रंगवलेले सैनिक घडवायला सुरुवात केली आहे आणि त्याची पहिली मालिका रामशेजच्या वेढ्यावर आहे. गडाच्या शिबंदीतले चार लोक, दोन मोगल आणि एक तोफ, इतकीच ती मालिका आहे. पण अनेक वर्षे परदेशी कंपन्यांचे सैनिक जमवत आलेल्या माझ्यासारख्या माणसाला ती हातात घेऊन जे समाधान मिळाले, ते अलीकडे कोणत्याही नामांकित कंपनीच्या खोक्याने दिलेले नाही.

नव्या कारागिराचे काम तपासताना बहुतेक जण रंग पाहतात. रंगकाम महत्त्वाचे आहेच, परंतु माझ्या मते खरी परीक्षा दुसरीकडे असते. वॉटर्लूचा इंग्रज पायदळ शिपाई घडवायचा असेल, तर कारागिराला ठरवावे लागते असे फारसे काही उरत नाही. कोल्डस्ट्रीम गार्ड्सच्या डगल्यावरची बटणे दोन-दोनच्या जोडीने लावलेली असत आणि तिसऱ्या गार्ड्सची तीन-तीनच्या गटाने, इतक्या बारकाव्यापर्यंत सारे लिहून ठेवलेले आहे. सतराव्या शतकातल्या मराठी शिपायाला मात्र सरकारी गणवेश नव्हता. ज्याचे त्याचे पागोटे, ज्याचा त्याचा अंगरखा, घरातून आणलेली किंवा लढाईत मिळालेली तलवार, असा तो उभा असे. म्हणून त्याची मूर्ती घडवणाऱ्याला प्रत्येक वस्त्राबद्दल आणि प्रत्येक शस्त्राबद्दल स्वतः निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय त्याने कशाच्या आधारावर घेतला, हे जाणत्या संग्राहकाला मूर्ती हातात घेताच कळते.

रामशेज हा विषय निवडण्यातच या कारागिराची समज दिसते. नाशिकहून पेठच्या वाटेला लागले की आशेवाडीजवळ दिसणारा हा गड उंचीने आणि विस्ताराने बेताचाच आहे. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला. पहिला सरदार होता शहाबुद्दीन खान, म्हणजेच पुढचा फिरोजजंग, हैदराबादच्या पहिल्या निजामाचा बाप. त्याने सुरुंग लावले, दमदमे म्हणजे मारा करण्यासाठी उंच चौथरे उभारले, पण गड हाती आला नाही. त्याच्या जागी दुसरा सरदार आला, तोही थकला, आणि पाच वर्षांहून अधिक काळ रामशेज झुंजत राहिला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. तेव्हा शिबंदीने लाकूड पोखरून, त्यावर कातडे मढवून तोफा केल्या, असे खुद्द मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान लिहितो. शत्रूच्या लेखणीतून उतरलेली ही दाद आहे आणि म्हणूनच मला ती मोलाची वाटते.

मालिकेतली सर्वांत उत्तम वस्तू ही लाकडी तोफच आहे. सोपा मार्ग असा होता की नेहमीच्या ओतीव तोफेचा साचा घ्यायचा आणि तिला तपकिरी रंग द्यायचा. या कारागिराने तसे केलेले नाही. लाकडाची नळी फुटू नये म्हणून तिच्या भिंती जाड ठेवाव्या लागणार, हे ओळखून त्याने तोफ आखूड आणि बोजड केली आहे. बाहेरून दिसणाऱ्या जाडीच्या मानाने तोंडाचे भोक लहान आहे. कातडे ओले असताना ताणून गुंडाळले की वाळल्यावर आवळते आणि काठाशी किंचित वर उचलले जाते. ते उचललेले काठ इथे नखाने चाचपता येतात. रंगही चकचकीत जोड्याचा तपकिरी नाही, तर कच्च्या कातड्याचा मळकट पिवळसर आहे, आणि दोऱ्या जिथे काचतात तिथे तो गडद होत जातो. कानाभोवती, म्हणजे जिथे रंजक (पेटवण्याची बारीक दारू) ओतून बत्ती देतात त्या छिद्राभोवती, धुराची काजळी एका बाजूला ओढलेली आहे. वारा कुठून वाहत होता, इतका विचार त्या फटकाऱ्यामागे आहे.

तोफेजवळचे दोन गोलंदाज तितकेच विचारपूर्वक उभे केले आहेत. बत्ती देणारा तोफेच्या मागे न राहता बाजूला सरकलेला आहे, कारण बार उडाला की तोफ मागे धक्का देते. त्याचा हात लांबवलेला आहे, तोंड वळलेले आहे आणि डोळे बारीक झालेले आहेत. दुसऱ्याच्या हातात ठासणीचा गज आहे, आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत काळवंडलेला आहे. तोफखान्याचे प्रशिक्षण जिथे चालते त्या देवळाली-नाशिकरोडच्या परिसरात वाढलेल्या माणसाला तोफेजवळ कोण कुठे उभे राहते याची जाण लहानपणापासून असते. लंडनमध्ये किंवा हाँगकाँगमध्ये बसलेल्या कारागिराने रामशेज केला असता, तर तो असा झाला नसता असे मला मनापासून वाटते.

वेशभूषेत त्याने एक मोठा मोह टाळला आहे. टीव्हीवरच्या मालिकांमधून आणि मिरवणुकांमधून आपल्या डोळ्यांत बसलेला मावळा बहुतेक वेळा पेशवाईतली पगडी किंवा शोभेचा तुरा मिरवत असतो. या चौघांच्या डोक्यावर साधे, हाताने गुंडाळलेले पागोटे आहे, आणि चौघांची गुंडाळण्याची पद्धत वेगळी आहे. मीर मुहम्मद या चित्रकाराने शिवाजी महाराजांचे घोड्यावर बसलेले जे चित्र काढले आणि जे मनुची या इटालियन प्रवाशाच्या संग्रहातून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेले, त्यात महाराजांबरोबर पायी चालणारे शिपाई आहेत. समकालीन आधार शोधायचा तर तो अशा चित्रांतून शोधावा लागतो. आपल्या जिल्ह्यात चांदवडच्या रंगमहालातली भित्तिचित्रे आहेत, परंतु तो वाडा होळकरांचा आणि अठराव्या शतकातला. तिथली पागोटी रामशेजच्या शिबंदीला चढवली, तर शंभर वर्षांचा घोटाळा होतो. हा फरक या कारागिराने पाळला आहे.

मोगलांच्या दोन मूर्तींत माझ्या लक्षात आलेला बारकावा फार लहान आहे, तरीही त्याच्यामुळे माझा या कारागिरावर विश्वास बसला. त्या काळी जामा मुसलमान उजव्या बगलेकडे बांधीत आणि हिंदू डाव्या बगलेकडे. मोगल चित्रांत याच खुणेवरून माणूस ओळखता येतो. इथे मोगल बंदूकचीचे बंद उजवीकडे आहेत आणि शिबंदीच्या नाईकाचे डावीकडे. ५४ मिलिमीटरच्या मूर्तीवर हे बंद तांदळाच्या दाण्याहून बारीक आहेत. ते चुकले असते तरी शंभरातल्या नव्याण्णव जणांना कळले नसते.

या ५४ मिलिमीटरबद्दलही थोडे सांगायला हवे. १८९३ मध्ये इंग्लंडात विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकामाची पद्धत आणली. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे, बाहेरचा थर गोठला की आतला रस परत काढून घ्यायचा. त्यामुळे धातू कमी लागला, सैनिक हलके आणि स्वस्त झाले, आणि त्यांची ही उंची जगभर प्रमाण मानली गेली. त्या कंपनीने शिशाचे उत्पादन १९६६ मध्ये थांबवले. हल्ली अनेक कंपन्या ६० मिलिमीटरकडे वळल्या आहेत, पण आमच्या कारागिराने जुनेच माप धरले, ही गोष्ट माझ्यासारख्यांच्या सोयीची आहे, कारण रामशेजचा गोलंदाज माझ्याकडच्या जुन्या ब्रिटन सैनिकांशेजारी ठेवता येतो. त्या जुन्या संचांत हिंदी पलटणींचे घोडेस्वार आहेत, देखणेही आहेत, परंतु सगळ्यांचे चेहरे एकाच तपकिरी रंगाचे आणि एकाच ठशाचे आहेत. रामशेजच्या चौघांचे चेहरे चार माणसांचे आहेत. एकाच्या दाढीत पांढरे केस आहेत आणि एकाला अजून नीट मिसरूड फुटलेले नाही.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात, कारण नव्या कारागिराचे नुसते कौतुक केले तर त्याचे पुढचे काम सुधारत नाही. चौथी मूर्ती गोफण फिरवणाऱ्याची आहे आणि ती मला पटलेली नाही. गोफण सुटण्याआधी शरीराचा सारा भार मागच्या पायावर असतो, कंबर वळलेली असते आणि खांदा उघडतो. ज्याने जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभे राहून पाखरे राखणारा माणूस पाहिला आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. इथे मात्र दोन्ही पाय सारखे टेकलेले आहेत आणि फक्त हात वर आहे, त्यामुळे ताकद कुठून येते ते दिसत नाही. गोफणीची दोरीही तारेची केल्यामुळे जरा ताठ झाली आहे. शिवाय दोन मूर्तींवर साच्याच्या जोडाची रेघ पागोट्याच्या मागच्या बाजूला राहून गेली आहे. ती रंगवण्यापूर्वी कानशीने घासून काढणे अवघड नव्हते.

सांभाळण्याबद्दल थोडक्यात सांगतो. ज्या मिश्रधातूत शिसे आहे त्याला लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेचा त्रास होतो आणि वर पांढरी भुकटी येऊ लागते. ओक लाकूड आणि दाबलेल्या भुशाच्या फळ्या यांत सर्वांत वाईट. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ही क्रिया वाढते. काच आणि रंगवलेले लोखंड यांचे कपाट आणि आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, एवढी काळजी पुरेशी होते.

दिवाळीतल्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडणाऱ्या आपल्या मुलखात धातूच्या सैनिकांचे कारागीर इतके उशिरा का निर्माण व्हावेत, हे मला कधी नीट उमगलेले नाही. मांडणीची हौस आपल्याकडे घराघरांत आहे आणि विषयांना तोटा नाही. नाशिक जिल्ह्यातच पाहा: साल्हेर आहे, जो पूर्वी फक्त भटक्यांना ठाऊक होता असे नव्हे, पण २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांत त्याचे नाव आल्यापासून लोक त्याच्याकडे नव्याने पाहू लागले आहेत. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले आणि सूर्यराव काकडे तिथेच पडले.

कारागिराची दुसरी मालिका याच साल्हेरवर आहे आणि तिच्यात स्वार असणार आहेत. त्याने दाखवलेल्या नमुन्यात स्वार उत्तम आहे, पण घोडा युरोपीय घोडदळाचा, उंच आणि लांब मानेचा आहे. मराठ्यांची दौड दख्खनच्या ठेंगण्या, काटक घोड्यांवर झाली. भीमथडीच्या, म्हणजे भीमा नदीकाठच्या, तट्टावर बसलेल्या माणसाचे पाय घोड्याच्या पोटाच्या रेषेखाली येतात आणि सारी मूर्तीच वेगळी दिसू लागते. मी त्याला हे सविस्तर कळवले, खोगिराची आणि रिकिबीची काही चित्रे दिली, आणि शिलेदार व बारगीर हे दोन्ही घडवणार असशील तर शिलेदाराच्या घोड्याचा साज त्याच्या घरच्या ऐपतीप्रमाणे वेगळा ठेव, बारगिराचा घोडा सरकारी पागेतला असल्याने तिथे सारखेपणा चालेल, असेही सुचवले. त्याने स्वाराचा साचा तसाच ठेवून घोडा पुन्हा घडवायला घेतला आहे. त्यामुळे मालिकेला उशीर होईल, पण माझी मागणी मी नोंदवून ठेवली आहे आणि गोफणवाल्याची नवी प्रत निघाली तर तीही घेणार आहे.