एकच नट फिरवलेला बास

सेकंडहँड वाद्य बघायला गिऱ्हाइकाबरोबर जाणं हे खरं तर माझं काम नाही. मी गिटार आणि बास, म्हणजे खालच्या सुरांची जाड तारांची गिटार, दुरुस्त करतो. फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या घासणं, नट म्हणजे दांड्याच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी कोरणं, सोल्डरिंग, आणि सेटअप, म्हणजे वाद्य वाजवायला नीट लावून देणं. पण चुकीचं वाद्य घेतलं की त्याची रड शेवटी माझ्याच टेबलावर येते, म्हणून ओळखीच्या वादकांबरोबर अधूनमधून जातो. जाण्याचे पैसे घेतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरच आहे.

गिऱ्हाईक म्हणजे चार तारांचा बास फार छान वाजवणारा एक मुलगा. मला दादा म्हणतो. बँडमध्ये नवा गायक आला, सगळी गाणी दोन-तीन सूर खाली सरकली आणि याची सगळ्यात खालची तार, ई, अपुरी पडायला लागली. मी आधी त्याला कमी खर्चाचे मार्ग सांगितले. आहे त्याच बासवर नेहमीच्या ई-ए-डी-जी ऐवजी बी-ई-ए-डी अशा जाड तारा चढव, नटच्या खाचा मी रुंद करून देतो. नाहीतर खटका दाबला की ई वरून डी वर उतरणारी खुंटी बसवून घे. त्याने ऐकलं नाही, त्याला खाली बी असलेला पाच तारांचा बासच हवा होता, आणि त्याचंही चूक नव्हतं. पाचवी तार फक्त खालच्या सुरांसाठी असते असं बाहेरच्यांना वाटतं. पण बी च्या पाचव्या फ्रेटवर ई मिळतो, म्हणजे हात नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, मध्यावर ठेवून सगळं गाणं वाजवता येतं, सारखं वरखाली पळावं लागत नाही. गंमत म्हणजे फेंडर कंपनीने 1965 मध्ये पाच तारांचा बास काढला, तेव्हा जादा तार वरच्या बाजूला दिली, सी ची, आणि फ्रेट ठेवले फक्त 15. तो चालला नाही. खाली बी असलेला बास 1976 मध्ये जिमी जॉन्सन या बासवादकाने अलेम्बिक कंपनीकडून बनवून घेतला, आणि आज ‘फाइव्ह स्ट्रिंग’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तोच प्रकार येतो.

आता या बी च्या तारेचं दुखणं. मोकळी ई साधारण 41 हर्ट्झला वाजते, मोकळी बी 31 च्या आसपास. इतक्या खाली जायचं तर तार जाड हवी, नाहीतर ती ढिली पडते आणि सुराऐवजी फडफड ऐकू येते. दुसरा उपाय म्हणजे लांबी वाढवणं. नेहमीचा बास 34 इंची स्केलचा असतो, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत, तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथपर्यंत, वाजणारी तार तेवढी लांब. तीच तार 35 इंचांवर त्याच सुरात लावली तर ताण जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढतो. आकडा फुसका वाटेल, पण बोटाला लगेच कळतो. डिंगवॉल कंपनीवाले तर तिरपे फ्रेट टाकून बी ला 37 इंच देतात आणि जी ला 34. आमच्या मुलाला सरळ फ्रेटचा, 35 इंची आणि ब्रिजवर दोन तारांमध्ये 19 मिलिमीटर अंतर असलेला बास हवा होता, कारण त्याच्या चार तारांच्या बासवर तेवढंच अंतर आहे आणि अंगठ्याने स्लॅप करायची, म्हणजे तार ठोकून वाजवायची, सवय त्यावरच बसलेली. ही मागणी ऐकायला साधी आहे, पण जाहिराती चाळायला बसा म्हणजे कळेल. बरेचसे पाच तारांचे बास 34 इंची आणि तारा जवळजवळ असलेले असतात.

जाहिरातींबद्दल मी काय बोलू! ‘एकदम नव्यासारखा, फक्त घरी वाजवलेला.’ फोटो समोरून, सोफ्यावर आडवा ठेवून, शक्यतो पिवळ्या उजेडात. मला बघायची असते हेडस्टॉकची, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाची, मागची बाजू, जिथे वाद्य पडलं की चीर जाते. नेक आणि बॉडीचा सांधा हवा असतो, शेवटच्या फ्रेटपाशी तारेची उंची हवी असते आणि ब्रिजचे स्क्रू हवे असतात. ते सगळे तळाला टेकलेले असले तर समजायचं की नेकचा प्रश्न कुणीतरी ब्रिजवर मिटवायचा प्रयत्न केलाय. यातला एकही फोटो कोणी टाकत नाही. त्यावर कडी म्हणजे आवाजाचा नमुना म्हणून फोनवर केलेलं रेकॉर्डिंग पाठवतात. फोनच्या स्पीकरमधून 31 हर्ट्झ बाहेर येतच नाहीत. आपला कान वरच्या स्वरांशांवरून खालचा सूर मनानेच जोडून घेतो आणि विकणारा म्हणतो, ‘बघा, काय खणखणीत बी आहे!’

मधले बास भराभर सांगतो. एकाच्या हेडस्टॉकमागे रंगाखाली लपवलेली चीर निघाली. एक चार तारांचाच होता, भोक पाडून पाचवी खुंटी बसवलेली, आणि जी ची तार फ्रेटच्या कडेवरून घसरून खाली पडत होती. एक खरंच सुंदर होता, पण जी तारेवर सहाव्या फ्रेटला सूर लावला की क्षणात विझायचा. असा मेलेला सूर लाकडाच्या स्वभावातच असतो, घासून-पुसून जात नाही. मुलाचं मन त्याच्यावर बसलं होतं, मी नको म्हणालो.

मग ती जाहिरात सापडली. शोधण्याची एक युक्ती सांगून ठेवतो. पाच तारांचा बास शोधताना ‘बास’ या शब्दाच्या नादी लागू नका. ज्यांना वाद्यातलं कळत नाही ते ‘पाच तारांची गिटार’, ‘मोठी गिटार’ असलं काहीतरी लिहितात, आणि स्पेलिंगचे तर बारा वाजलेले असतात. ही जाहिरात तशीच होती, पण फोटोतल्या खुंट्यांवरून आणि तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपवरून मॉडेल मी ओळखलं. 35 इंची, 19 मिलिमीटर, अगदी हवं तसं. किंमत निम्म्याहूनही खाली. खाली लिहिलं होतं, ‘नेक पिळलेला आहे, आवाज येत नाही, आहे तसा विकणे आहे.’

विकणारा कीबोर्ड वाजवणारा होता. कुणाकडून तरी येणं वसूल करताना पैशांऐवजी हा बास पदरात पडलेला. त्याला तो नकोच होता. ‘एका गिटार रिपेअरवाल्याला दाखवला, सर,’ तो म्हणाला, ‘तो म्हणाला नेक गेला. विकला नाही गेला तर पिकअप-बिकअप सुटे विकीन आणि बाकीचं टाकून देईन.’

मी वाद्य नेहमी आधी प्लग न लावता वाजवतो. वरच्या शिंगावर कान टेकवला की लाकूड किती बोलतं ते कळतं. मोकळी बी सोडली. पहिल्या चार फ्रेटपर्यंत नुसती खरखर, पण पाचव्याच्या पुढे दाबल्यावर तिच्यात जी गुंज होती ती ऐकून मी मुलाकडे बघायचं टाळलं. तो अशा वेळी लगेच चेहऱ्यावर दाखवतो.

आवाज का येत नाही ते अर्ध्या मिनिटात कळलं. ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, बासच्या जॅकमध्ये एक जादा पट्टी असते. बॅटरीची ऋण तार तिला जोडलेली असते, आणि केबल आत गेली की त्या पट्टीचं सर्किट पुरं होऊन आतला प्रीॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारं सर्किट, चालू होतो. म्हणून तर केबल लावून ठेवली की बॅटरी संपते. या जॅकचा बाहेरचा नट सैल होता, जॅक बोटाने गरगर फिरत होता. असा जॅक चार-पाच वेळा फिरला की आतली तार पिळून तुटणारच. मागचं झाकण उघडू का विचारलं, तो हो म्हणाला. काळी तार मोकळी लोंबत होती. मल्टीमीटरवर बॅटरी ठणठणीत, नऊ व्होल्टच्या वर. तार क्लिपने पट्टीला धरली आणि छोट्या ॲम्पमधून बी बाहेर आली. विकणारा शेजारीच उभा. ‘एवढंच होतं?’ म्हणाला. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, त्याला दिसतच होतं.

पण खरा मुद्दा नेकचा. बॉडीच्या टोकाकडून फ्रेटवरून नजर टाकली तर पहिला आणि शेवटचा फ्रेट समांतर दिसत नव्हते. पीळ होता, खोटं नाही. बी तार पहिल्या आणि सतराव्या फ्रेटवर दाबून धरली, मधे आठव्या फ्रेटपाशी साधारण पाव मिलिमीटर फट दिसायला हवी. काही नाही, तार फ्रेटला चिकटलेली. तेच जी तारेवर केलं तर फट चांगली दुप्पट-तिप्पट. एक बाजू मागे वाकलेली आणि दुसरी पुढे. लाकूड स्वतःहून पिळतं तेव्हाही असंच दिसतं, त्यामुळे ज्याने ‘नेक गेला’ म्हटलं त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. आळशी म्हणेन. कारण त्याने ट्रस रॉडच्या, म्हणजे नेकच्या आत त्याचा बाक सांभाळणाऱ्या सळीच्या, झाकणाचे दोन स्क्रू काढून आत नीट बघितलंच नाही. मी काढले. आत सळी आवळायचे एक नाही, दोन नट होते, तारांच्या खाचांचा नट वेगळा. या मॉडेलच्या नेकमध्ये दोन रॉड आहेत, बासच्या, म्हणजे जाड तारांच्या, बाजूला एक आणि ट्रेबलच्या, म्हणजे बारीक तारांच्या, बाजूला एक. ट्रेबलकडचा नट कारखान्यातून आला तसा कोरा. बासकडच्या नटाच्या कडा पार खाल्लेल्या, चुकीच्या मापाची चावी घालून कुणीतरी पिळूनपिळून घट्ट केलेला. आमच्या धंद्यात ही खोडच आहे, फिरण्यासारखं काही दिसलं की आधी फिरवायचं.

आता इथे माझी अडचण सुरू झाली. हा पीळ एका रॉडमुळे आहे की लाकडाचाच आहे हे सांगायला एकच मार्ग, तो नट थोडा सैल करून बघणं. दुसऱ्याच्या वाद्याच्या ट्रस रॉडला मी विचारल्याशिवाय हात लावत नाही, खाल्लेल्या नटाला तर नाहीच, तो तुटला तर कोण भरून देणार? आणि विचारलं की तो ‘कशाला?’ म्हणणार. मुलाने तेवढ्यात माझ्या पायाला पाय लावला. मला ते समजलं. मी विचारलं.

‘कशाला?’ कीबोर्डवाला म्हणाला.

मी सांगितलं. एकच बाजू घट्ट झालीय असं वाटतंय, सैल केली तर कदाचित नेक परत येईल, कदाचित नाही. तो म्हणाला, बघा करून. तारा उतरवल्या, बरोबर बसणारी चावी घातली. नट आधी कुरकुरला, मग सुटला. पाव फेरा. तारा परत सुरात लावल्या. बी च्या खाली केसाएवढी फट आली, आणि तिसऱ्या फ्रेटवरची खरखर निम्म्याने गेली. लाकूड लगेच परतत नाही, आठवडे लागतात, हेही मी सांगितलं. पूर्ण येईल याची खात्री नाही, हे दोनदा सांगितलं. त्याने ऐकलं फक्त ‘परत येईल’ एवढंच. किंमत तिथल्या तिथे दीडपट झाली.

मुलाने घासाघीस केली, फार काही सुटलं नाही, आणि शेवटी तो बास घेतला. त्या भावातही तो स्वस्तच होता. पण परतताना मुलगा गप्प होता, आणि मग एकदम म्हणाला, ‘दादा, पैसे मी तुम्हाला दिले होते, त्याला नाही.’ मी म्हटलं, न तपासता घे म्हणून मी सांगू शकत नाही. तो म्हणाला, ‘मी न तपासता घेणार होतो. नेक गेला असता तर नुकसान माझं होतं. त्या धोक्याचीच तर एवढी कमी किंमत होती. तुम्ही धोका कमी केलात आणि फायदा त्याला दिलात.’

त्याच्या बोलण्यात दम आहे. मी बरेचदा ते उलटसुलट करून बघितलंय. माझ्यासारखंच काम करणाऱ्या एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या बाजूने उभं राहायचं, घरी नेऊन नट फिरवायचा. दुसरा म्हणाला, एखादं धडधाकट वाद्य कचऱ्यात जाताना बघून तू गप्प बसला असतास तर मी तुला कारागीर म्हटलं नसतं. दोघेही ठामपणे बोलतात, कारण दोघेही तिथे नव्हते. कीबोर्डवाला गरीब बिचारा असता तर मला हा प्रश्नच पडला नसता. तो तसा नव्हता. त्याने दुसऱ्याचं वाद्य येण्याच्या बदल्यात उचललं होतं आणि एका वाक्यावर भाव चढवला. त्याला फायदा झाला याचा मला आनंद नाही. पण नट सैल न करता ‘घे’ म्हणणं म्हणजे नुसता अंदाज विकणं, आणि अंदाजाचे पैसे मी आजवर घेतलेले नाहीत.

नेक आला परत. बराचसा. शेवटच्या चार-पाच फ्रेटपाशी थोडा चढ राहिला होता, तो फ्रेट घासून काढला. खाल्लेला नट बदलला, जॅकला लॉक वॉशर घातला. तारांची मात्र पंचाईत झाली. या बासच्या तारा बॉडीच्या मागून येतात, त्यात 35 इंची स्केल, त्यामुळे नेहमीच्या लांबीच्या संचातली बी कमी पडते आणि तिचा निमुळता, रेशमी दोरा गुंडाळलेला भाग नेकच्या टोकाच्या खाचांच्या नटवरच येऊन बसतो. लांब संच मागवायला लागला. आता मोकळी ई आणि बी च्या पाचव्या फ्रेटवरची ई ऐकली तर कुठली कुठे वाजली ते डोळे मिटून ओळखणं कठीण आहे. पाच तारांच्या बासची मी हीच परीक्षा घेतो, आणि फार थोडे त्यात पास होतात.

सेटअपचे पैसे मी पूर्ण सांगितले. कमी करा असं तो म्हणाला नाही, मोजून दिले. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

परवा त्याचाच एक दोस्त आला, त्यालाही पाच तारांचा जुना बास हवाय. सगळी हकीकत त्याच्या कानावर होतीच. मी म्हटलं, येईन सोबत, पण तिथे मला कुणी काही विचारलं तर उत्तर देणार. तो जरा विचार करून म्हणाला, ‘मग दादा, तुम्ही नका येऊ. मी तिथून व्हिडिओ कॉल करतो, इयरफोन लावून.’